आमचे भाऊजी आणि शेटचे विलायती कुलूप

अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात बंद दारांचा अपमान आमच्या भाऊजींइतका कोणी केला नसेल. माणसे परक्या घरी गेली की यजमानाला नमस्कार करतात, पायांवर पाणी घेतात आणि ओटीवर टेकतात. भाऊजी आधी दाराचा कोयंडा हलवून पाहत. तो खडखडला की त्यांचा चेहरा नाडी हाती लागलेल्या वैद्यासारखा गंभीर होई, आणि यजमान "या, या" म्हणत बाहेर येईपर्यंत रोगाचे निदान झालेले असे. "हे दार आहे की पडदा?" असे ते शांतपणे विचारीत आणि मग चहा घेत. माझ्या धाकट्या बहिणीसाठी चौलकडचे एक स्थळ पाहायला आम्ही त्यांना धाडले होते. परत आल्यावर आईने मुलगा कसा आहे म्हणून विचारले, तर म्हणाले, "मुलगा बरा असावा. मागल्या दाराची कडी मात्र बाहेरून सुपारीच्या झावळीनं उचलते." मुलगा काळा की गोरा, हे शेवटपर्यंत त्यांना सांगता आले नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. मांडव्याहून अलिबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गावात त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. माझी मराठी शाळेवर मास्तर म्हणून त्याच गावी बदली झाली, तेव्हा मी शाळेजवळ एक खोली घेतली आणि दोन्ही वेळचे जेवण ताईकडे ठेवले. तोपर्यंत मी भाऊजींना पाहुणा म्हणून ओळखत होतो. शेजारी म्हणून ओळखायला लागलो आणि माझ्या लक्षात आले की हा गृहस्थ वाडी पोटासाठी करतो आणि जगतो तो कुलपांसाठी. तरुणपणी ते चार वर्षे मुंबईत तिजोऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात होते. तिथे त्यांनी एक दिवस मालकाला दाखवून दिले की मालकाची स्वतःची तिजोरी विड्याचे पान चघळून होईपर्यंत उघडता येते. मालकाने त्यांना शाबासकी आणि रजा दोन्ही एकाच श्वासात दिली. भाऊजींना त्याचे दुःख नव्हते. "माणूस गुणी होता," ते म्हणत, "पण तिजोरीच्या बाबतीत हळवा."

त्यांची हत्यारे पाहिली असती तर कोणा चोराला रडू आले असते. मोडक्या छत्रीची एक काडी, मासे धरायचा एक गळ आणि ताईच्या अंबाड्याचे आकडे. आकडे रोज नवे लागत, कारण जुने कुठल्या ना कुठल्या कुलपात वाकून शहीद होत. ताईचा अंबाडा दुपारपर्यंत मानेवर आणि संध्याकाळपर्यंत पाठीवर आलेला असे. "गावात चोर आला तर तो माझं काय नेणार?" ती मला म्हणायची. "जे न्यायचं ते घरचाच नेतो." गळ मात्र त्यांना एका कोळणीने दिलेला. तिच्या पेटीची चावी होडीतून उतरताना पाण्यात पडली, आणि दुसऱ्या दिवशी भावाच्या पोरीचे लग्न. ती पेटी डोक्यावर आणि मासळीची टोपली काखेत घेऊन थेट वाडीत आली आणि ओरडली, "भाऊ, चावी खारीन परली न् माजा नवा लुगरा पेटीन रायला! मी काय गोनपाट नेसून जाव?" भाऊजींनी तिच्याच टोपलीतला गळ उचलला, पेटीला कान लावला आणि ती दुसरे वाक्य बोलायच्या आत झाकण उघडले. ती बाई पुढे पेटीला कुलूप लावायचीच बंद झाली. ते भाऊजींना फारसे आवडले नाही. दरवाजाने निदान लढावे तरी, असे त्यांचे मत होते.

माझ्या खोलीलाही त्यांनी सोडले नाही. मी रुजू झालो त्या आठवड्यात अलिबागेहून एक चांगले जाडजूड कुलूप आणून दाराला लावले आणि शाळेत गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा कुलूप जिथल्या तिथे होते. आत मात्र टेबलावर चिठ्ठी होती. 'कुलूप निकामी. पंधरा मोजेपर्यंत उघडले. मांजर आत कोंडले होते, सोडले. खिडकीतले लोणचे अजून मुरलेले नाही, आठ दिवस हात लावू नये.' मी रागारागाने जेवायला गेलो, तर ते पाटावर बसून माझी वाट पाहत होते. "मास्तर," ते म्हणाले, "कुलूप तुम्ही उत्तम आणलंत. पण ते ज्या कोयंड्यात अडकवलंत तो दोन खिळ्यांवर आहे, आणि इथला खारा वारा ते खिळे रोज खातोय. चोर काय तुमच्या कुलपाशी भांडत बसणार आहे? तो खिळ्यांशी दोन शब्द बोलतो आणि आत येतो." मग एवढेसे कुलूप सोडवायला यांना पंधरा का मोजावे लागले असे मला वाटू नये, म्हणून त्यांनी खुलासा केला की त्यातले दहा मांजराच्या ओरडण्याने घाबरण्यात गेले.

गावाला त्यांनी एकदाच एकत्र धडा दिला. जत्रेत एका फिरत्या दुकानदाराकडून गावातल्या सात घरांनी कुलपे घेतली होती. भाऊजींनी ती बाहेरूनच पाहिली आणि त्यांना संशय आला. देवळात कीर्तनाला सगळे जमले असताना त्यांनी सातही घरांच्या चाव्या गोड बोलून मागून घेतल्या, एका ताम्हनात टाकून ढवळल्या आणि वाटून टाकल्या. "आता घरी जा," ते म्हणाले. सगळे घरी गेले आणि सगळ्यांची दारे बिनबोभाट उघडली. सातही कुलपांना एकच चावी चालत होती. त्या दिवसापासून त्या सात घरांतल्या बायका एकमेकींशी फार जपून भांडू लागल्या. भाऊजींच्या स्वतःच्या घराला मात्र कुलूप नव्हते. का, म्हणून मी विचारले तर आत स्वयंपाकघराकडे पाहत त्यांनी आवाज खाली केला. "तुमची ताई घरात असताना आत शिरेल असा चोर असेल, तर मला त्याला भेटायचंय."

आता शेटबद्दल सांगायला हवे. गावात सुपारीचे एकच मोठे व्यापारी होते, त्यांना सगळे नुसते शेट म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या वस्तूवर दुसऱ्याची नजर पडली तरी ती झिजते असे मानणारा. भाऊजींची व्याख्याने गावाने हसण्यावारी नेली, शेटने तेवढी मनापासून ऐकली. घरामागच्या सुपारीच्या वखारीला त्याने सागाचे नवे दार बसवले, खिळ्यांच्या जागी आरपार लोखंडी पट्टी ठोकली, खिडकीला गज घातले आणि मुंबईहून पितळेचे एक विलायती कुलूप आणले. ते लहान भोपळ्याएवढे होते. दाबले की खट्कन आपोआप बंद होई, आणि त्याची एकुलती एक चावी शेटच्या करगोट्याला असे. मग शेटने भाऊजींना बोलावणे पाठवले. "भाऊ, तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. आता उघडा! उघडलंत तर शिमग्यात पालखीपुढे मी तुमच्यावर छत्री धरून चालेन. नाही उघडलं, तर देवळाच्या अंगणात उभं राहून तीनदा म्हणायचं, शेटचं कुलूप मला उघडत नाही."

दिवाळी नुकतीच झाली होती, शेतीची कामे संपत आलेली. दोन दिवस वखारीपुढे जत्रा भरली. लोक भाकऱ्या बांधून आले. भाऊजींनी काडी चालवली, गळ चालवला, ताईचे नऊ आकडे खर्ची घातले. कुलपाला कान लावून ते असे बसले होते की जणू कोणी आजारी नातलग काही शेवटचे सांगतो आहे. दुसऱ्या दिवशी सूर्य समुद्रात टेकला तेव्हा ते उठले, धोतराला हात पुसले आणि सरळ देवळाच्या अंगणात गेले. तीनदा बोलले. पहिल्यांदा लोक हसले, दुसऱ्यांदा थोडे हसले, तिसऱ्यांदा कोणी हसले नाही. शेटसुद्धा इकडेतिकडे पाहू लागला.

त्यानंतर आठ दिवस भाऊजी धड जेवले नाहीत. आमटीभात कालवताना त्यांची बोटे भाताच्या ढिगात काहीतरी चाचपत राहत. मग एकाएकी त्यांची भूक परतली, आणि परतली ती अशी की ताईने माझ्या पानातली पोळी काढून त्यांना वाढली. मला वाटले, जखम भरली.

या सगळ्यात वेणू नावाची एक मुलगी होती, शेटची एकुलती एक. ती माझ्या शाळेत शिकली, आणि सातवीची फायनल द्यायची म्हणून माझ्याकडे वर्षभर अभ्यासाला येत होती. शेट खुशीत असताना मी तिच्या अर्जावर त्याची सही घेऊन ठेवली होती. तिची हुशारी मी मास्तर म्हणून सांगितली तर बढाई वाटेल. एवढेच सांगतो की मी फळ्यावर चुकलो तर ती वर्गात बोलत नसे, घरी जाताना हळूच सांगे. परीक्षा अलिबागेला होती. शिमग्याला बारा-तेरा दिवस होते. आणि नेमके त्याच वेळी मुंबईहून शेटकडे निरोप आला की एका बड्या पेढीचे मालक मुलगी पाहायला येत आहेत. माणूस बिजवर, वय चाळिशीच्या आसपास, पण शेटच्या डोळ्यांपुढे फक्त पेढी होती. वेणूने बापाला सांगितले, "मी परीक्षेला जाणार. त्यांना नंतर यायला सांगा." शेटच्या घरात 'नंतर' हा शब्द तोवर कोणी उच्चारला नव्हता. परीक्षेच्या दिवशी उजाडता उजाडता त्याने पोरीला वखारीत घातले, विलायती कुलूप लावले, चावी करगोट्याला बांधली आणि पाहुणे मचव्याने उतरायचे होते म्हणून गाडी जोडून मांडव्याला निघून गेला.

मी शाळेचे दार उघडत होतो तेव्हा वेणूची आई धापा टाकत आली. ती बाई कधी उंबऱ्याबाहेर मोठ्याने बोललेली मी ऐकली नव्हती. "मास्तर, पेपर कितीला?" तिने विचारले. बाराला, मी म्हटले. "मग गाडीनं पोचायला अजून वेळ आहे. तुमच्या भाऊजींना आणा."

भाऊजी पोफळींना पाणी लावत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी पाट वळवला, हात धुतले आणि म्हणाले, "मी तर हरलोय ना?"

"भाऊजी, एकदा बघा तरी!"

"बघायचं काय त्यात," ते म्हणाले आणि ताईला हाक मारली. ताईने विचारलेसुद्धा नाही. अंबाड्यातला एक आकडा काढून हातावर ठेवला, आणि मग थांबून दुसराही काढला.

आम्ही रस्त्याने न जाता वाड्यांच्या मागून गेलो. वखारीच्या आतून आवाज येत होता. वेणू सुपारीच्या पोत्यांत बसून मोठ्याने हिंदुस्थानातल्या नद्या आणि त्यांच्या काठची शहरे म्हणत होती, आणि रडत होती, पण एकही शहर चुकत नव्हती. भाऊजी दारापुढे बसले. "वेणू, जरा गप्प बस, बाळ. कुलूप काय म्हणतंय ते ऐकू येत नाही." आत एकदम शांत झाले. मी मनात मोजायला सुरुवात केली. एकेचाळीस झाले आणि पितळेच्या पोटात काहीतरी हळूच हलले, आणि ते भले थोरले कुलूप लहान मुलाने जांभई द्यावी तसे उघडले.

मी बघतच राहिलो. "तुम्हाला येत होतं?"

"आठव्या दिवसापासून," ते पुटपुटले. "शेट रोज सकाळी वखार उघडताना मी समोरून बघायचो. किल्ली लावली की त्याचा डावा खांदा आधी जरा खाली जातो. म्हणजे आधी केसभर उलटं फिरवायचं आणि मग सुलटं. दोन दिवस मी मूर्खासारखा सुलटंच फिरवत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"शिमग्याला बोलणार होतो. पालखी याच अंगणात येते. अख्ख्या गावापुढे, ढोल थांबवून." त्यांचे डोळे क्षणभर चमकले, तो ढोल त्यांना ऐकू आला असावा. मग त्यांनी दार लोटले.

वेणू बाहेर आली. तोंड सुजलेले, केसांत सुपारीची टरफले, हातात दौत आणि टाक. आईने तिचे तोंड पदराने पुसले. ताई दाढ दुखते म्हणून अलिबागेच्या डॉक्टरकडे निघाली आहे असे ठरले, आणि ताईच्या शेजारी गाडीत डोक्यावरून पदर घेऊन बसलेली बाई कोण हे वाटेत कोणी विचारले नाही. अलिबागेत वेणूचा मामा होता. भाऊजींनी कुलूप कोयंड्यात अडकवले आणि दाबले. खट् आवाज झाला. ते जरा वेळ त्या कुलपाकडे पाहत उभे राहिले. कोणी उघडले हे कळले की पोरगी कुठे गेली हेही शेटला कळणार, हे मला तेव्हा उमगले नाही.

दुपारी शेट पाहुण्यांना घेऊन आला. पेढीचे मालक, त्यांची वृद्ध आई आणि एक मुनीम. शेटने करगोट्याची चावी काढली, डावा खांदा जरा खाली केला, कुलूप उघडले. आत सुपारी होती. पोती हलवून पाहिली, गज हलवून पाहिले, कौलांकडे पाहिले. काही म्हणता काही जागचे हलले नव्हते. बायकोवर संशय घ्यावा तर चावी स्वतःच्या कमरेला. मग तो अंगणात आला आणि गरजला, "त्या भाऊला बोलवा!"

तोवर अर्धे गाव जमले होते. भाऊजी आले ते वाडीतल्या चिखलाच्या पायांनी.

"तुम्हीच उघडलंत!" शेट ओरडला.

भाऊजींनी एक शब्द उच्चारला असता, नुसते मिशीत हसले असते, तरी गाव त्यांच्या पायांवर लोटले असते. चार महिने खाली मान घालून काढले होते त्यांनी. ते म्हणाले, "शेट, देवळात तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगू? तुमचं कुलूप मला उघडत नाही."

"लावतो! उघडून दाखवा!"

आणि मग भाऊजी बसले. मी पुष्कळ नाटके पाहिली आहेत, पण त्या दुपारच्यासारखे काम पुन्हा पाहिले नाही. घाम गाळला, काडी मोडली, गळ बोटात रुतवून रक्त काढले, कुलपाला आधी विनवले, मग शिवी दिली. तासाभराने ते असे हताश होऊन मागे टेकले की एका म्हातारीने त्यांना गुळपाणी आणून दिले. "हे माणसाचं काम नाही, शेट," ते धापा टाकत म्हणाले. एवढे बोलून त्यांनी पाहुण्यांच्या आईकडे एक नजर टाकली. टाकायला नको होती असे मी म्हणणार नाही. त्या बाईंनी तत्काळ मुलाचा हात धरला. कुलपातून आरपार जाणारी सून घरात घ्यायची त्यांची तयारी नव्हती. भरतीबरोबर मचवा सुटायचा होता, तो त्यांनी गाठला.

शेटला चार दिवसांनी कळले की पोरगी मामाकडे आहे आणि सगळे पेपर देऊन झाले आहेत. तो तणतणत अलिबागेला गेला. "कशी बाहेर आलीस?" त्याने विचारले. वेणू म्हणाली, "दार उघडं होतं, बाबा." हे खोटे नव्हते, त्यामुळे ती बापाच्या डोळ्यांत बघून बोलली. ती पास झाली. पुढे पुण्याला ट्रेनिंगला गेली, मुलींच्या शाळेत बाई झाली. तिचे पहिले पत्र आले तेव्हा शेटने ते मला तीनदा वाचायला लावले आणि मग येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला, "आमच्या पोरीला विलायती कुलूप अडवू शकलं नाही, परीक्षा काय अडवणार!"

भाऊजींचा भाव मात्र उतरला तो उतरलाच. लोक अडकलेली कुलपे लोहाराकडे नेऊ लागले. "शेटच्या कुलपाला हरलेला माणूस," म्हणून मुलेसुद्धा त्यांना ओळखू लागली. शिमग्याला पालखी शेटच्या अंगणात आली की ढोल थांबे आणि शेट हसत म्हणे, "काय भाऊ, बघता का पुन्हा?" भाऊजी पुढे होत, बसत, आणि हरत. पहिल्या वर्षी मला ते बघवले नाही. पुढे तो गावाचा रिवाजच झाला. दरवर्षी ते हरण्यात काहीतरी नवे घालीत. एकदा कुलपाला नारळ वाढवला, एकदा त्याच्याशी इंग्रजीत बोलून पाहिले. लोक पोट धरून हसत आणि भाऊजी सगळ्यांत शेवटी हसत. ताई त्या दिवशी सकाळी मुकाट्याने दोन चांगले आकडे काढून ठेवी.

मी एकदा त्यांना म्हटले, आता सांगून टाकू, आता काय बिघडणार आहे? पोफळीचे पान ओढत ते म्हणाले, "शेट म्हातारा झालाय हो. त्याचं तेवढंच एक धड राहिलंय."

मी बदली होऊन गाव सोडले त्याच्या आदल्या शिमग्याची गोष्ट. शेटला दिसायला कमी झाले होते, भाऊजींचे हात कापत होते. पालखी अंगणात टेकली, ढोल थांबला. शेट काठी टेकत वखारीपाशी आला. नेहमीचे वाक्य तो बोलला नाही. भाऊजींच्या अगदी जवळ जाऊन, मी बाजूला होतो म्हणून मला ऐकू आले, तो म्हणाला, "भाऊ, यंदा उघडा. मी तिकडे बघत नाही." आणि खरोखरच त्याने तोंड समुद्राकडे फिरवले.

भाऊजी खाली बसले. त्यांनी आकडा कुलपात घातला. केसभर उलटा फिरवताना मी तो पाहिला, अगदी स्पष्ट पाहिला. मग तो थरथरला, निसटला, पुन्हा घातला, पुन्हा निसटला. लोक हसत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि किंचित हसले. त्या वर्षी ते मुद्दाम हरले की त्यांना खरोखरच जमले नाही, हे मला कळले नाही. पालखी उठली, ढोल वाजू लागला, आणि त्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना हात देऊन उभे केले.